बाबांना भेट मिळालेला शिकारी चाकू : ओळख आणि किंमत, मदत हवी आहे

ओंजळ | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

बाबांना जाऊन येत्या श्रावणात दोन वर्षं होतील. चिंचवडचं घर आवरायला काढलंय. लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, धोतराच्या जुन्या पानात गुंडाळलेला एक चाकू सापडला. सापडला म्हणजे तो तिथे आहे हे आम्हाला ठाऊक होतंच. वर्षातून एकदा, खंडेनवमीला तो बाहेर यायचा. बाबा त्यांच्या पटाश्यांशेजारी पाटावर ठेवून त्याला झेंडूचं फूल वाहायचे, आणि दसरा झाला की पुन्हा गुंडाळून वर. आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. "जर्मन साहेबाने दिलाय," एवढंच सांगायचे.

आज पहिल्यांदा नीट हातात घेतला. चांगलाच जड आहे. पातं मोजलं, सहा इंच भरलं. टोकाकडे रुंद होत जातं, सगळ्यात रुंद जागी साधारण दीड इंच. पात्यावर रोमन लिपीत पुमा, व्हाइट हंटर, सोलिंगेन, जर्मनी असं आहे. मुठीची एक बाजू खडबडीत, तपकिरी-पांढरी, शिंगाची वाटते. दुसरी बाजू मात्र गुळगुळीत काळसर लाकडाची. त्या लाकडात बोटाच्या पेराएवढी पांढऱ्या धातूची पट्टी बसवली आहे आणि तिच्यावर देवनागरीत ठिपक्याठिपक्यांनी "दत्ता यांस १९७१" असं लिहिलंय. दत्ता म्हणजे बाबा.

माझ्या भावाने जुन्या बाजारातल्या एका विक्रेत्याला फोटो दाखवले. त्याने लगेच आठ हजार सांगितले आणि उद्याच घेऊन या म्हणाला. इतक्या घाईने मागतोय म्हणून मला शंका आली. हा चाकू नक्की काय आहे? अर्धा शिंगाचा, अर्धा लाकडाचा असा खास बनवून घेतलेला असेल का? किंमत काय धरावी? आणि पात्यावर सुईने टोचल्यासारखा एक बारीक खड्डा आहे, तो गंज आहे का? भाऊ ब्रासोने चकचकीत करायचं म्हणतोय.

फोटो जोडले आहेत.

पाणकावळा | शनिवार, रात्री १०:४०

ओंजळताई, भावाच्या हातातून ब्रासो आधी काढून घ्या. बाकीचं सावकाश बोलू.

पाणकावळा | शनिवार, रात्री ११:२५

आता सविस्तर लिहितो. गेली वीस वर्षं मी जुनी हत्यारं पाहतो, अडकित्ते आणि चाकू हा खास आवडीचा विषय.

तुमच्याकडे आहे तो पुमा कंपनीचा व्हाइट हंटर, मॉडेल ६३७७. जर्मनीतल्या सोलिंगेनची ही कंपनी १७६९ सालची. व्हाइट हंटर त्यांनी १९५६ मध्ये आणला, आफ्रिकेत पैसेवाल्यांना शिकारीला नेणाऱ्या व्यावसायिक शिकाऱ्यांसाठी. नावही तिथलंच. झाडी तोडायची, जनावर सोलायचं, हाड फोडायचं, ही सगळी कामं एकाच पात्याने व्हावीत म्हणून पुढे वजन आणि रुंदी. पाठीवर मुठीजवळ खाचा दिसतील, त्या अंगठा घसरू नये म्हणून.

तो खड्डा गंज नाही. पोलाद किती कठीण झालंय हे पाहायला हिऱ्याचं टोक ठराविक दाबाने पात्यात रुतवतात आणि ते किती आत गेलं ते मोजतात. रॉकवेल चाचणी म्हणतात तिला. पुमाच्या जुन्या पात्यांवर ते टिंब राहिलेलं असतं. नकली मालावर ते सहसा नसतं, म्हणजे ते टिंब तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे. घासून पुसट करू नका.

आता मला हे हवंय :
पातं आणि मूठ यांच्यामधल्या आडव्या धातूवर बारीक आकडे आहेत का? असले तर भिंगातून पाहून मला खासगी निरोपात कळवा, इथे टाकू नका.
मुठीच्या रिवेटांचे दोन्ही बाजूंनी जवळून फोटो.
म्यान आहे का?
आणि चाकू आलेखाच्या कागदावर ठेवून पेन्सिलने भोवती रेघ मारा. पातं किती झिजलंय ते त्यावरून कळेल.

विक्रेत्याला इतक्यात काही कळवू नका.

लोहगर्भ | रविवार, सकाळी ७:०५

पाणकावळा यांच्याशी सहमत. एक भर घालतो. ती ठिपक्यांची अक्षरं कारखान्यातली नाहीत. भांड्यांच्या दुकानात लग्नाच्या ताटावर नाव घालून देतात ना, बारीक छिन्नी आणि हातोडी घेऊन टकटक टकटक, तशी आहेत. पात्यावर अशी अक्षरं उमटलीच नसती, कडक पोलादावर छिन्नीचंच टोक मोडेल. म्हणून वेगळी पट्टी घेतली असावी. पट्टीची धातू मऊ आहे, प्रत्येक ठिपक्याची कड थोडी वर आलेली फोटोत दिसते.

म्हणजे नाव पुण्यात घातलंय. बोहरी आळीच्या आसपास कुठेतरी असं मला वाटतं.

वाईची मावशी | रविवार, सकाळी ८:३०

ती खडबडीत बाजू सांबरशिंगाची आहे हो. आमच्या घरी सहाणेशेजारी सांबरशिंगाचा तुकडा कायम असायचा. कुणाच्या बरगडीत दुखलं, पायाला सूज आली की आजी पाण्यात उगाळून कोमट लेप लावायची. उगाळून उगाळून तुकड्याची एक बाजू अशीच गुळगुळीत झाली होती आणि दुसरीकडे अश्याच उभ्या रेघा. फोटो पाहिल्या पाहिल्या तो उगाळल्याचा वास आठवला.

पाणकावळा | रविवार, सकाळी ९:१०

मावशी, अगदी बरोबर. सोलिंगेनचे कारखानदार मुठींसाठी सांबरशिंगच मागवत, आणि ते जायचं भारतातून. युरोपातल्या लाल हरणाचं शिंग आतून जास्त भुसभुशीत असतं. सांबराचं घट्ट, भरीव, आतला सच्छिद्र गर कमी. रिवेटसाठी भोक पाडलं तरी तडकत नाही. शिवाय सांबराची शिंगं दरवर्षी गळतात, रानात पडलेली गोळा करूनही व्यापार चालायचा. पुढे भारताने निर्यात थांबवली.

म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याशा रानातलं शिंग सोलिंगेनला गेलं, मुठीवर चढलं, आणि कुणाच्या तरी सामानातून परत चिंचवडला आलं.

पाखरू | रविवार, सकाळी ९:४८

माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. तिकडे अशा चाकवांना चांगली किंमत येते म्हणतात. कुरियरने पाठवून तिकडच्या संकेतस्थळावर विकला तर?

दुसरी बाजू | रविवार, सकाळी १०:२०

पाखरू, कृपया असला सल्ला देऊ नका. ओंजळताई, तुम्हीही हे शांतपणे वाचा. मी पंचवीस वर्षं वकिली करतोय आणि या विषयात साधी साधी माणसं अडकलेली पाहिली आहेत.

दोन कायदे आहेत, ते एकमेकांत मिसळू नका.

पहिला शस्त्रांचा. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे. तुमचं सहा आणि दीड, त्या मापाच्या आत बसतं. घरात जपून ठेवायला त्या बाजूने मला अडचण दिसत नाही. पण पिशवीत घालून बाजारात दाखवत फिरू नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असतो तेव्हा शस्त्र बाळगून फिरण्यावरच बंदी असते, आणि असे आदेश शहरात वरचेवर निघतात.

दुसरा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. तुमच्यासाठी महत्त्वाचा हाच. सांबर या कायद्याच्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिंगाची वस्तू, जुनी असो, परदेशात बनलेली असो, भेट मिळालेली असो, परवानगीशिवाय विकता येत नाही, विकत घेता येत नाही, देशाबाहेरही पाठवता येत नाही. "वडिलांची आहे" हे मालकीबद्दल बोलणं झालं, विक्रीला त्याने परवाना मिळत नाही. २००३ मध्ये सरकारने अशा वस्तू जाहीर करायला सहा महिन्यांची मुदत दिली होती. कित्येकांनी तेव्हा घरातली कातडी, शिंगं नोंदवली. बहुतेकांना ती मुदत कळलीच नाही.

तेव्हा आठ हजार योग्य की अयोग्य हा प्रश्नच बाजूला ठेवा. त्या विक्रेत्याला नम्रपणे नाही म्हणा. वारसाहक्काने आलेल्या वस्तूबद्दल उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात स्वतःहून लेखी विचारा. जाण्याआधी एखाद्या स्थानिक वकिलाला कागद दाखवा. फोटो, वडिलांच्या नोकरीचे कागद, त्या जर्मन गृहस्थांबरोबरचा एखादा जुना फोटो, आईचं लेखी निवेदन, जे मिळेल ते एका फायलीत लावा.

शिंगाची बाजू काढून टाकून उरलेलं विकू, असं कुणी सुचवलं तर तेही करू नका.

ओंजळ | रविवार, दुपारी १२:१५

दुसरी बाजू, मनापासून आभार. भावाला वाचून दाखवलं. तो विक्रेत्याला फोन करतोय.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. विकण्याची माझी इच्छा फारशी नव्हतीच, पण हे नक्की काय आहे आणि बाबांनी ते इतकं का जपलं हे मात्र जाणून घ्यायचंय. आई सध्या बहिणीकडे मिरजेला आहे. ऐकायला कमी येतं, फोनवर नीट बोलणं होत नाही. बहीण आज संध्याकाळी तिला विचारून सांगणार आहे.

रिवेटांचे आणि आलेखाच्या कागदावरचे फोटो टाकतेय. आकडे पाच आहेत, निरोपात पाठवले. चामड्याचं म्यानही आहे, टाके एका जागी उसवलेत आणि चाकू त्यातच होता.

पाणकावळा | रविवार, दुपारी १:३०

आकडे मिळाले. पुमाने १९६४ पासून चाकवांवर असे क्रमांक घालायला सुरुवात केली. कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं की बनल्याचं वर्ष आणि तिमाही कळते. तुमचा बसतो १९६६ मध्ये.

पट्टीवर मात्र १९७१. मध्ये पाच वर्षं.

निवडुंग | रविवार, दुपारी १:५२

दुकानात पडून राहिला असेल की. क्रमांक बनल्याचं वर्ष सांगतो, विकल्याचं नाही.

पाणकावळा | रविवार, दुपारी २:२०

निवडुंग, मुद्दा रास्त आहे, म्हणून पुन्हा बारकाईने पाहिलं. आलेखाच्या कागदावरची आकृती बघा. धारेची कड पात्यावरच्या अक्षरांच्या जवळ आली आहे. नव्या चाकवात ते अंतर जास्त असतं. म्हणजे दगडावर बऱ्याच वेळा धार लावलीय, आणि ती हाताने, सावकाश, एकाच कोनात. फिरत्या चाकावर धार लावली की पात्यावर कमानीसारखे ओरखडे पडतात, ते इथे नाहीत.

दुसरं, शिंगावर अंगठ्याचा उंचवटा टेकतो तिथल्या रेघा झिजून सपाट झाल्यात. तेलकट चमक आलीय. लाकडाच्या बाजूला तशी झीज नाही. ओंजळताईंचे वडील तो वर्षातून एकदा काढायचे, त्यामुळे ही झीज त्यांच्या हातची नाही.

माझा अंदाज असा की हा चाकू भेट द्यायला म्हणून विकत घेतलेला नव्हता. त्या जर्मन माणसाचा तो स्वतःचा, वापरातला चाकू होता. शिंगाने जेवढी वर्षं हात पाहिला तेवढी लाकडाने पाहिली नाहीत. लाकूड नंतर आलं.

पाणकावळा | रविवार, दुपारी २:४५

किमतीबद्दल विचारलं होतंत, म्हणून तेही लिहितो. विकायचा नसला तरी माहीत असावं.

परदेशात, कायद्याने विक्रीला मोकळा असलेला जुना व्हाइट हंटर, मूळ अवस्थेत, म्यानासह, साधारण दोनशे ते चारशे डॉलरला जाताना मी पाहिलाय. डबी आणि कागद असतील तर वर. मागितलेल्या किमतींवर जाऊ नये, व्यवहार कितीला झाला ते पाहावं. कुणीही कितीही मागू शकतं.

तुमच्या चाकवाच्या मुठीची एक पाटी, म्हणजे एक बाजू, बदललेली, रिवेट नवे, पातं झिजलेलं, वर अनोळखी माणसाचं नाव. संग्राहक या चारही गोष्टींना पैसे कापतो. मी स्वतः निम्म्याहून कमी धरली असती. नाव एखाद्या प्रसिद्ध माणसाचं असतं तर उलटं झालं असतं. बाजार असाच आहे, वाईट वाटून घेऊ नका.

लोहगर्भ | रविवार, दुपारी ३:४०

मी अजून त्या रिवेटांच्या फोटोवरच अडकलोय.

पाची रिवेट पितळी आहेत आणि डोक्यांवर हातोडीच्या बारीक बारीक चपट्या खुणा आहेत, दोन्ही बाजूंना. रिवेट आरपार जातो. म्हणजे लाकडाची पाटी बसवताना शिंगाचीही पाटी एकदा सुटी झाली आणि त्याच जागी परत बसली. शिंगाला एकही चीर नाही. पितळ ठोकताना एक फटका जास्त झाला असता तर तडा गेला असता. हे काम ज्याने केलं त्याचा हात फार थंड होता.

आता लाकूड. शिसव आहे, त्याबद्दल मला शंका नाही. शिंगाचा आकार वेडावाकडा, निसर्गाने दिलेला. लाकडाच्या बाजूने त्याचाच आरसा धरलाय. शिंगाला जिथे फुगवटा तिथे लाकडाला फुगवटा. मूठ हातात धरली तर डोळे मिटून कुठली बाजू कुठली ते फक्त खडबडीतपणावरून कळेल, आकारावरून नाही. ओंजळताई, करून पाहा आणि सांगा.

आणि शेवटची गोष्ट, जी पाहून मी खुर्चीत सरळ बसलो. लाकूड जिथे त्या आडव्या धातूला मिळतं, तिथे काटकोन ठेवलेला नाही. बारीक गोलाई आहे, तांदळाच्या दाण्याएवढी. सुताराने तिथे काटकोन ठेवला असता, धार लावणाऱ्या शिकलगारानेही ठेवला असता. कोपरा दिसला की तो गोल करायचा ही सवय एकाच धंद्यात हाडात भिनते. ओतकामाचा पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा पाडायचा लाकडी नमुना, बनवताना आतला कोपरा तीक्ष्ण ठेवला तर वाळूची कड ढासळते आणि ओतलेला धातू थंड होताना तिथेच तडकतो. म्हणून कोपऱ्यात मेणाची किंवा चामड्याची पट्टी भरतात, नाहीतर लाकडातच गोलाई कोरतात. फिलेट म्हणतात त्याला. चाकवाच्या मुठीला त्याचा काही उपयोग नाही. पण हात ऐकत नाही.

मी बत्तीस वर्षं फाउंड्रीत काढली. हे पॅटर्नमेकरचं काम आहे.

ओंजळताई, तुम्ही अगदी सुरुवातीला लिहिलंत की वडील चाकू "त्यांच्या पटाश्यांशेजारी" ठेवायचे. वडील काय काम करायचे?

ओंजळ | रविवार, दुपारी ३:५८

लोहगर्भ काका, बाबा पॅटर्न शॉपमध्ये होते. १९६४ ला हेल्पर म्हणून लागले, निवृत्त झाले तेव्हा पॅटर्न शॉपचे फोरमन होते.

डोळे मिटून मूठ धरून पाहिली. तुम्ही म्हणालात तसंच आहे.

वाईची मावशी | रविवार, दुपारी ४:२०

देवा.

ऱ्हाइनकाठ | रविवार, संध्याकाळी ६:१०

मी ड्यूसेलडॉर्फला राहतो, सोलिंगेन इथून जवळ आहे. सोलिंगेनच्याच ग्रेफ्राथ भागात पात्यांचं मोठं संग्रहालय आहे, एका जुन्या मठाच्या इमारतीत. तिथे पाहिलेलं सांगतो, कारण वाचताना तेच डोळ्यांसमोर आलं. सोलिंगेनात जुन्या काळी एक माणूस पूर्ण चाकू करत नसे. घडवणारा वेगळा, पात्याला पाणी देऊन कठीण करणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, मुठी बसवणारा वेगळा. वुपर नदीकाठी पाणचक्कीवर चालणाऱ्या, धार लावायच्या कार्यशाळा होत्या, त्यातल्या काही अजून उभ्या आहेत. सोलिंगेन हे नाव पात्यावर घालायला १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे, बाहेर बनवलेल्या मालावर ते घालता येत नाही. तुमच्या चाकवावरचं नाव त्या सगळ्या हातांचं आहे. मुठीच्या एका बाजूला चिंचवडचा हात लागला.

एक विनंती. म्यान उलटं करून हलक्या हाताने झटकून बघाल का? कारण नंतर सांगतो.

पाणकावळा | रविवार, संध्याकाळी ६:३०

म्यानाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, चाकू म्यानात ठेवायचा नाही. कमावलेल्या चामड्यात आम्ल राहतं आणि ते दमट हवेत पात्याला खातं. पितळेवर हिरवट थर येतो तोही त्यामुळेच. पुण्याच्या पावसाळ्यात तर नकोच. चाकू वेगळा, म्यान वेगळं.

पातं मऊ सुती कापडाने पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. खोबरेल नको, ते खवट होऊन चिकट थर बसतो. काळपट डाग आहेत ते राहू द्या. लाल गंज असेल तेवढाच तेलात भिजवलेल्या कापडाने हळूहळू. वडील धोतराच्या पानात गुंडाळायचे ते उत्तम होतं, तसंच करा. सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघा. पात्याला बोटं लागली तर पुसून ठेवा, घामाचे ठसे महिन्याभरात पोलादात उतरतात.

मुठीच्या पाट्या उघडून आत पाहायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका.

ओंजळ | रविवार, रात्री ८:०५

ऱ्हाइनकाठ, म्यान झटकलं तर टोकाशी काहीतरी अडकल्यासारखं वाजलं. विणायच्या सुईने हलवून काढलं. तांब्याच्या रंगाचं लहानसं नाणं आहे. एका बाजूला एक आकडा आणि दोन्हीकडे ओंब्या. दुसरीकडे पानांची फांदी आणि १९५० हे वर्ष.

तुम्हाला कसं कळलं?

ऱ्हाइनकाठ | रविवार, रात्री ८:३२

एक फेनिग. लोहचुंबक लावून बघा, चिकटेल. आत लोखंड आहे, वर तांब्याचा मुलामा.

कळलं नव्हतं, आशा होती. इथे चाकू भेट द्यायचा नाही अशी समजूत आहे, मैत्री कापली जाते म्हणतात. म्हणून देणारा सोबत एक नाणं ठेवतो किंवा घेणाऱ्याकडून एक नाणं घेतो. म्हणजे तो सौदा झाला, भेट राहिली नाही. माझ्या इथल्या शेजाऱ्याने घर घेतल्यावर मला भाजीचा सुरा दिला, त्याच्या मुठीला एक सेंट चिकटपट्टीने लावलेला होता.

वाईची मावशी | रविवार, रात्री ८:५०

अगंबाई, आपल्याकडेही सुरी, कात्री अशी फुकट घेत नाहीत. रुपया तरी हातावर ठेवावा लागतो.

ओंजळ | रविवार, रात्री ११:४०

आईशी बोलणं झालं. बहिणीने तिच्या कानाशी एकेक प्रश्न मोठ्याने विचारला आणि आई काय म्हणते ते मला सांगत गेली. जसं कळलं तसं लिहितेय.

कारखान्यात नवी यंत्रं बसवायला तो जर्मन इंजिनियर आला होता, दोन-अडीच वर्षं होता. नाव आईला आठवत नाही, घरी सगळे जर्मन साहेबच म्हणायचे. शिकारीची आवड, सुट्टीच्या दिवशी रानात जायचा. तेव्हा परवाना काढून शिकार चालायची. एकदा शॉपमध्ये कुणाला तरी दाखवताना चाकू फरशीवर पडला आणि मुठीची एक बाजू उभी चिरली. साहेब फार हळहळला, तो चाकू त्याच्याबरोबर सगळीकडे फिरलेला होता. बाबा म्हणाले, द्या माझ्याकडे.

शिसवाचा तुकडा आजोबांच्या मोडलेल्या झोपाळ्याच्या पाटाचा. आई म्हणते, आठ रात्री स्वयंपाकघरात कंदील घेऊन बसायचे, कारण विजेच्या दिव्याची सावली त्यांना नको असायची. शिंगावर काजळी लावायचे, लाकूड त्यावर टेकवायचे, जिथे काळं लागेल तिथे एक टवका काढायचे, पुन्हा टेकवायचे. दादा तेव्हा पाळण्यात होता. रिवेट ठोकायच्या रात्री आईला सांगितलं होतं की बाळ रडलं तरी मला हाक मारू नकोस.

साहेबाने मूठ हातात घेतली, उलटसुलट केली, काही बोलला नाही. बाबांना वाटलं आवडलं नाही.

परत जायच्या आदल्या दिवशी तो घरी आला. चाकू आणि कागदात गुंडाळलेली ती पट्टी बाबांच्या हातात दिली. नाव कुठल्या तरी भांड्याच्या दुकानातून घालून आणलं होतं. पट्टी वेगळीच होती, लाकडात बसवलेली नव्हती. बाबांच्या कामात खाच पाडायला त्याला दुसऱ्या कुणाला सांगायचं नव्हतं, असं आई म्हणाली. बाबांनी ती पट्टी दोन महिने तशीच कपाटात ठेवली. स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने बसवायला त्यांना संकोच वाटत होता. शेवटी आईने धोसरा लावला तेव्हा एका रविवारी बसवली.

नाण्याचं विचारलं. आई म्हणाली, "चाकू फुकट घेऊ नये, म्हणून मीच यांना चार आणे द्यायला लावले. साहेबाला कळेना मी काय म्हणतेय. यांनी खुणेने सांगितलं तसा तो एकदम हसायला लागला. आमचे चार आणे खिशात टाकले, आणि खिशातून त्याचं काहीतरी काढून म्यानात टाकलं. मला वाटलं, बटण असेल."

आईला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

लोहगर्भ | सोमवार, सकाळी ६:३०

काजळी लावून टेकवायचं, काळं लागेल तिथला टवका काढायचा. आम्हीही तसंच शिकलो. ताई, तुमच्या वडिलांच्या पटाश्या अजून असतील तर त्याही मोडीत देऊ नका.

दुसरी बाजू | सोमवार, सकाळी ९:१५

आईंचं हे सांगणं त्यांच्याच शब्दांत कागदावर घ्या, तारीख घाला, सही किंवा अंगठा घ्या, दोन साक्षीदार घ्या. झोपाळ्याचं, चार आण्यांचं, सगळं येऊ द्या. फायलीत पहिला कागद तोच लावा.

ओंजळ | सोमवार, सकाळी १०:०५

पटाश्या आहेत, अकरा. भाऊ आज मिरजेला निघालाय, आईसमोर बसून लिहून घेणार आहे. वकिलांची वेळ गुरुवारची मिळाली, त्यांना फाईल दाखवून मग वनविभागाच्या कार्यालयात जाईन. विक्रेत्याचा परत फोन आला होता, बारा हजार म्हणाला. भावानेच नको सांगितलं.

लोहगर्भ काका, एक विचारायचं राहिलं. शिसवाचा भाग कोरडा वाटतोय, पट्टीच्या कडेला केसाएवढी फट दिसते. त्याला काय लावू?

लोहगर्भ | सोमवार, सकाळी १०:२२

जवसाचं तेल. चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात शुद्ध मिळतं. एक थेंब करंगळीवर घेऊन लाकडाला चोळा, दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने पूर्ण पुसून काढा आणि दोन दिवस वाऱ्यावर ठेवा. शिंगाला लावू नका. तेलाचं कापड मात्र चुरगळून ठेवू नका, पसरून वाळवा, ते आपोआप तापून पेट घेतं.

फट भरू नका. शिसव पावसाळ्यात थोडं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. पट्टी बसवताना त्यांनी तेवढी जागा मुद्दाम सोडली असणार.